बोलणाऱ्याची अंबाडी आणि आमचे गहू

दहावी-बारावीचे निकाल लागले की सीमाभागातल्या घराघरांतून एकच प्रश्न ऐकू येतो, 'आता पुढं काय?' उत्तरेही ठरलेली असतात. ज्याला गुण चांगले त्याने इंजिनिअरिंगला जायचे, थोडे कमी असतील त्याने डिप्लोमा किंवा आयटीआय करायचे, अंगाने धट्टाकट्टा असेल त्याने भरतीसाठी पहाटे धावायला लागायचे, आणि यातले काहीच जमले नाही तर गोव्याची बस आहेच. मुलींच्या बाबतीत प्रश्न विचारला जातो तोच मुळी अर्ध्या आवाजात. या ठरलेल्या वाटांना आमचा विरोध नाही. परंतु आज आम्ही अशा एका व्यवसायाबद्दल लिहिणार आहोत की ज्याचे नावही आपल्या खेड्यांतून कोणी घेत नाही, आणि ज्याचे निम्मे शिक्षण मात्र आपल्या मुलांना घरातच, तेही फुकट, मिळालेले असते.

इंग्रजीत त्याला 'पब्लिक अफेअर्स अँड कम्युनिकेशन्स कन्सल्टिंग' असे लांबलचक नाव आहे. मराठीत जनसंपर्क सल्लागार म्हणावे तर डोळ्यांपुढे येतो तो हसतमुखाने पुष्पगुच्छ देणारा आणि पत्रकारांना चहा पाजणारा गृहस्थ. तो या धंद्याचा फार तर दारातला भाग झाला. खरे काम आत चालते. एखाद्या कंपनीला, संस्थेला, बँकेला, कधी एखाद्या सरकारी खात्यालाही लोकांशी आणि राज्यकर्त्यांशी बोलायचे असते. कोणाशी बोलायचे, केव्हा बोलायचे, कोणत्या भाषेत आणि कोणत्या शब्दांत बोलायचे, आणि काय ऐकून घ्यायचे, हे ठरवून देणारा तो सल्लागार. विधिमंडळात कोणते विधेयक येऊ घातले आहे, त्याच्या कोणत्या कलमाने आपल्या अशिलाचे काय होईल, कोणत्या तालुक्यात कशावरून असंतोष आहे, स्थानिक वर्तमानपत्रे काय लिहीत आहेत, याची टिपणे रोज सकाळी दहाच्या आत तयार करावी लागतात. त्यासाठी पहाटे उठून आठ-दहा वर्तमानपत्रे वाचणे हे नवशिक्याच्या वाट्याला येणारे पहिले काम. मग प्रेसनोट लिहिणे, मालकाच्या भाषणाचा मसुदा करणे, कारखान्यात वायू गळला किंवा दुधात भेसळ सापडली तर पहिल्या दोन तासांत काय सांगायचे ते ठरवणे. जनसंपर्क म्हणजे लोकांत नाव राखणे आणि पब्लिक अफेअर्स म्हणजे सरकार, कायदा, लोकप्रतिनिधी आणि गाव यांच्याशी व्यवहार सांभाळणे, असा ढोबळ फरक करता येईल. प्रत्यक्षात एकच माणूस दोन्ही करतो.

धंदा जुना आहे. २८ ऑक्टोबर १९०६ रोजी अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ एक रेल्वेगाडी पुलावरून पाण्यात कोसळली आणि पन्नासहून अधिक माणसे दगावली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत म्हणजे अपघात दडपायचा. पेनसिल्व्हेनिया रेल्वेचा सल्लागार आयव्ही ली हा मूळचा पत्रकार. त्याने उलट केले. कंपनीची माहिती लेखी काढून पत्रकारांच्या हाती दिली आणि त्यांना अपघाताच्या जागी नेले. आज आपण ज्याला प्रेसनोट म्हणतो तिचे हे मूळ मानले जाते. आपल्या देशात या व्यवसायातील लोकांची पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया १९५८ साली स्थापन झाली. तेव्हा हे लोक बहुतेक सरकारी उपक्रमांत आणि मोठ्या उद्योगघराण्यांत नोकरीला असत. १९९१ नंतर परदेशी कंपन्या आल्या, त्यांना इथले सरकार कळेना, इथली माणसे कळेनात, आणि मग फी घेऊन हे काम करणाऱ्या स्वतंत्र पेढ्या मुंबई, दिल्ली, बंगळूरला उभ्या राहिल्या. २००१ साली त्यांची स्वतःची संघटनाही झाली.

आता आपल्या मुलांकडे पाहू. खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या खेड्यातला दहावीतला पोरगा घरात मराठी बोलतो, एसटीच्या कंडक्टरशी कन्नड बोलतो, टीव्हीवर हिंदी ऐकतो, शाळेत इंग्रजीची पुस्तके वाचतो आणि चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात गेला की दोन दिवसांत कोकणीला कोकणीत उत्तर देतो. मुंबईत याच गुणासाठी लोक वर्ग लावतात. आणि नुसत्या बोलण्याचीच गोष्ट नाही. आज्जाच्या नावे नाडकचेरीतून कागद आला की तो वाचून दाखवायचे काम कोणाकडे येते? याच पोराकडे, बहुतेक घरांतून पोरीकडे. उताऱ्यावर नाव चुकले, हेस्कॉमचे बिल दुप्पट आले, पीडीओने नोटीस लावली, सगळे तिने वाचायचे, आज्जाला समजेल असे सांगायचे, आणि आज्जाच्या रागाचे साहेबाला पटेल अशा अर्जात रूपांतर करायचे. सल्लागार म्हणतात तो याहून निराळे काय करतो? फक्त त्याच्या आज्जाचे नाव 'क्लायंट' असते आणि तो महिन्याला बिल पाठवतो.

हे काम किती नाजूक आहे याचे एकच उदाहरण देतो. कन्नड आणि मराठी या दोन्ही भाषांनी संस्कृतातून शब्द घेतले, पण घेतल्यावर त्यांचे संसार वेगळे झाले. कन्नडमध्ये 'अवकाश' म्हणजे संधी. मराठीत 'अजून अवकाश आहे' म्हणजे अजून वेळ आहे, घाई नको. जमीन संपादनाच्या कन्नड नोटिशीत हरकत घेण्यास 'अवकाश' आहे असे लिहिलेले असले आणि अर्धवट कन्नड जाणणाऱ्याने ते मराठी कानाने ऐकले, तर तो निवांत घरी जाऊन बसेल, आणि हरकतीची मुदत संपून जाईल. 'परिहार' हा शब्दही तसाच. कन्नडमध्ये तो नुकसानभरपाई, मराठीत शंकेचे किंवा आरोपाचे निरसन. ज्या शेतकऱ्याची पिकाऊ जमीन रस्त्यात किंवा बायपासात जाते आहे त्याला या दोन शब्दांतला फरक शब्दकोशात नको असतो, त्याच दिवशी, त्याच ओट्यावर हवा असतो. तो सांगू शकणारा माणूस दोन्ही भाषांत वाढलेलाच असावा लागतो. दिल्लीच्या शाळेत तो तयार होत नाही.

इतके असूनही या पेढ्यांतून आपली मुले दिसत नाहीत, आणि जी दिसतात ती खालच्या पायरीवर. तिथली रीत अशी आहे. विचार इंग्रजीत होतो, बैठक इंग्रजीत होते, मजकूर इंग्रजीत ठरतो, आणि संध्याकाळी पाच वाजता तो 'रीजनल' टेबलावर फेकला जातो, 'सहापर्यंत मराठी करून द्या' म्हणून. देशी भाषांना तिथे अजून 'व्हर्नाक्युलर' म्हणणारे लोक आहेत. अशा घाईत झालेल्या मराठीचे नमुने वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत रोज येऊन पडतात. 'आम्हाला घोषणा करताना अत्यंत आनंद होत आहे' अशी सुरुवात, मध्ये कंपनीच्या साहेबाचे कोणीही कधीही बोलणार नाही असे वाक्य, आणि शेवटी कंपनीचा इतिहास. उपसंपादक त्यातली एक ओळ घेतो, बाकी टोपलीत टाकतो. लाखो रुपये फी देणाऱ्याचे म्हणणे टोपलीत जाते, कारण ज्याला लोकांची भाषा येत होती त्याला विचारायला कोणी त्या बैठकीत बसवलेच नाही. आमचे म्हणणे एवढेच की आमच्या मुलांनी त्या पाच वाजताच्या टेबलावर समाधान मानू नये. सकाळच्या बैठकीत बसावे. तिथे बसायचे तर नुसते भाषांतर पुरत नाही. कायदा वाचता यावा लागतो, अर्थसंकल्पातले आकडे कळावे लागतात, आणि समोरच्या मोठ्या माणसाला 'साहेब, हे असे म्हणू नका' असे सांगण्याची छाती लागते.

इथे पालक एक आक्षेप घेतील, आणि तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही. 'म्हणजे शेवटी दलालीच की!' ते म्हणतील. आक्षेपात तथ्य आहे. कोकणातले एन्रॉनचे प्रकरण आठवा. गुहागर तालुक्यात अंजनवेल, वेलदूरच्या परिसरात दाभोळचा वीज प्रकल्प उभा राहत होता. १९९५ च्या आरंभी एन्रॉनच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन संसदेच्या समितीपुढे सांगितले की भारतातील लोकांचे 'शिक्षण' आणि प्रकल्पाची जुळवाजुळव यांवर कंपनीने सुमारे २ कोटी डॉलर खर्च केले. तेव्हाच्या भावाने हे ६० कोटी रुपयांच्या वर जातात. शिक्षण कोणाचे झाले, कोणत्या वर्गात झाले, यावरून महाराष्ट्रात तेव्हा रान उठले. त्या वर्षी ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार रद्द केला, पुढच्या वर्षी पुन्हा वाटाघाटी होऊन तो जिवंत झाला. विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर लाठ्या चालल्या, धरपकड झाली. अॅम्नेस्टी इंटरनॅशनलने १९९७ साली आणि ह्यूमन राइट्स वॉचने १९९९ साली त्यावर अहवाल लिहिले. १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली, २००१ च्या मे महिन्यात बंद पडली, आणि त्याच वर्षी डिसेंबरात खुद्द एन्रॉनचेच दिवाळे वाजले.

या गोष्टीतून बहुतेक लोक एवढेच घेतात की असले सल्लागार वाईट. आम्हाला त्यात दुसरी गोष्ट अधिक बोचते. कंपनीकडे २ कोटी डॉलर होते, सरकारकडे खाती होती, बँकांकडे वकील होते. अंजनवेलच्या बाजूने करार वाचून, त्यातले विजेच्या दराचे कलम मराठीत उलगडून, ते वेळेवर मुंबईला आणि दिल्लीला पोहोचवणारे कोण होते? काही जाणकार कार्यकर्ते आणि कामगार संघटनांचे लोक होते, त्यांनी पदरमोड करून ते केले, आणि त्यांच्यामुळेच पुष्कळ गोष्टी बाहेर आल्या. पण तो योगायोग होता, व्यवस्था नव्हती. जुनी म्हण आहे, बोलणाऱ्याचे अंबाडीचे बी विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूसुद्धा विकत नाहीत. गावाचे गहू पडून राहतात.

आणि ते पडून राहावेत असे कायदा सांगत नाही. खाण, कारखाना, धरण अशा प्रकल्पांसाठी १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरणविषयक अधिसूचना आहे. ज्यांना जनसुनावणी लागते त्यांच्यासाठी तिची नोटीस किमान ३० दिवस आधी द्यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. अहवालाचा सारांश इंग्रजीबरोबर राज्याची अधिकृत भाषा किंवा स्थानिक भाषा यांत द्यावा लागतो. सुनावणीचे चित्रीकरण होते. शेवटी काय काय मुद्दे आले ते लोकांना स्थानिक भाषेत समजावून वाचून दाखवावे लागते आणि इतिवृत्त पंचायतीच्या कचेरीत लावावे लागते. मात्र किती लोक हजर असले पाहिजेत याची किमान अट नाही. चार माणसे आली तरी सुनावणी झाली असे धरतात. वाचकांनी इथे 'अधिकृत भाषा' आणि 'स्थानिक भाषा' या दोन शब्दांच्या मधल्या तिरक्या रेघेकडे लक्ष द्यावे. पुण्याजवळच्या गावात ती रेघ नसली तरी चालेल, कारण दोन्हीकडे मराठीच आहे. आपल्याकडे त्या रेघेच्या एका बाजूला कन्नड आणि दुसऱ्या बाजूला मराठी आहे, आणि सगळा प्रश्न त्या रेघेवर उभा आहे. अधिकारी सोयीची बाजू उचलतो. दुसरी बाजू त्याच्यापुढे ठेवायला कोणी तरी उभे राहावे लागते, तेही सुनावणीच्या दिवशी घोषणा देऊन नव्हे, तर तीस दिवस आधी, लेखी, अधिसूचनेचा परिच्छेद दाखवून.

राज्यघटनेच्या ३५० व्या कलमाप्रमाणे गाऱ्हाण्याचा अर्ज केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत, कोणत्याही अधिकाऱ्याकडे करता येतो. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-ब कलम आले आणि त्याखाली भाषिक अल्पसंख्याकांसाठी आयुक्त नेमला गेला. अल्पसंख्य भाषा बोलणारे ज्या भागात १५ टक्के किंवा अधिक असतील तिथे महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही प्रसिद्ध व्हाव्यात, हे संरक्षण केंद्राने मान्य केलेले आहे. खानापूर तालुक्यात हे प्रमाण त्याच्या कितीतरी वर आहे. उलट माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा मात्र अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत करा असे सांगतो. तिथे मराठीचा हट्ट धरून अर्ज परत घेऊन येण्यापेक्षा तो इंग्रजीत करून माहिती पदरात पाडून घेणे शहाणपणाचे. कुठे हट्ट धरायचा आणि कुठे माहिती मिळवायची, हे ओळखणे हाच तर पब्लिक अफेअर्सचा धडा आहे.

आता थोडे कडू लिहितो. सीमाप्रश्न हा मुळात लोकांना आणि राज्यकर्त्यांना पटवून देण्याचा प्रश्न आहे, आणि त्यात भावनेची कमतरता कधीच नव्हती. १९५६ च्या जानेवारीत हुतात्मे झाले, १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला आणि महाराष्ट्राने तो नाकारला, २००४ साली दावा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तो अद्याप निकाली निघालेला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही मुख्यमंत्र्यांना केंद्रीय गृहमंत्र्यांनी दिल्लीत बोलावले, दोन्ही बाजूंच्या तीन-तीन मंत्र्यांची समिती करायचे ठरले. त्याच महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ गावांबाबत ठराव केला. एवढ्या काळात आपण निवेदने किती दिली याची मोजदाद नाही. पाच-पन्नास लोक कचेरीवर जातात, साहेब निवेदन घेतो, छायाचित्र निघते, दुसऱ्या दिवशी ते छापून येते, आणि काम झाले असे सर्वांना वाटते. त्या निवेदनाचा आवक क्रमांक कोणाकडे असतो? उत्तराची मुदत कोणी विचारली? पुढच्या निवेदनात मागच्याचा हवाला असतो काय? आणि सगळ्यांत महत्त्वाचे, कन्नड वाचकापर्यंत आपले म्हणणे कन्नडमध्ये कधी गेले? बंगळूरच्या वर्तमानपत्रात आपल्या बाजूचा एखादा शांतपणे लिहिलेला इंग्रजी लेख वर्षाकाठी किती वेळा येतो? आपण आपल्याच लोकांना, आपल्याच भाषेत, त्यांना आधीच पटलेली गोष्ट उच्च स्वरात सांगत आलो. त्याने धीर टिकतो, हे खरे, आणि धीर टिकणे लहान गोष्ट नाही. परंतु ज्याला पटलेले नाही त्याला ते पटत नाही.

म्हादईचे बघा. कणकुंबीच्या परिसरात मलप्रभा उगम पावते आणि तिथलाच कळसा नाला म्हादईला जाऊन मिळतो. या पाण्यावरून गोव्यात एक भाषा बोलली जाते, हुबळी-धारवाड आणि नरगुंदकडे दुसरी. गोव्याने आपली बाजू 'आई' या एका शब्दात बसवली आणि ती देशभर पोहोचवली. उत्तर कर्नाटकाने 'पिण्याचे पाणी' या दोन शब्दांत आपली बाजू बसवली, तीही पोहोचली. १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असे पाणी दिले. २०२२ च्या डिसेंबरअखेर कर्नाटकाच्या कळसा-भांडुराच्या सुधारित आराखड्याला केंद्रीय जल आयोगाची मान्यता मिळाली. आणि ज्या गावांच्या शिवारातून कालवे खणले गेले, त्या मराठी बोलणाऱ्या गावांची बाजू कोणत्या शब्दात बसवली गेली? वाचकांना पटकन आठवते का पाहा. आम्ही इथे पाणी कोणाचे हा निवाडा करीत नाही. दोन्ही राज्यांनी आपले म्हणणे सांगायला माणसे लावली आणि मधल्या गावांकडे सांगणारा नव्हता, एवढेच दाखवतो आहोत.

अर्थात या धंद्यात शिरणाऱ्याने पैसा कोण देतो हे आधी पाहावे. ज्या आयव्ही लीचे वर आम्ही कौतुक केले, त्यानेच पुढे जर्मनीच्या आय. जी. फार्बेन या रासायनिक उद्योगसमूहाला सल्ला दिला आणि १९३४ साली त्याची अमेरिकन संसदेच्या समितीपुढे चौकशी झाली. परक्या सरकारांसाठी काम करणाऱ्यांनी नाव नोंदवावे असा कायदा तिथे १९३८ साली झाला, सरकारदरबारी वजन वापरणाऱ्यांनी अशील आणि खर्च जाहीर करावा असा आणखी एक १९९५ साली झाला. लंडनची बेल पॉटिंजर ही बडी पेढी २०१७ साली बुडाली, ती दक्षिण आफ्रिकेत एका धनाढ्य कुटुंबासाठी वांशिक तेढ वाढवणारी मोहीम चालवल्यामुळे. ते गुप्ता कुटुंब मूळचे आपल्याच देशातले, सहारनपूरचे. आपल्याकडे लॉबिंग करणाऱ्याने नाव नोंदवावे असा कायदा नाही. २०१३ साली लोकसभेत एका खासदाराने तसे खाजगी विधेयक आणले होते, ते तिथेच राहिले. कायदा नाही म्हणून माणसाने अंधारात वावरावे असे नाही. ज्याला आपण कोणाचे पैसे घेऊन बोलतो हे गावच्या पारावर सांगायला लाज वाटत नाही, त्याने हा व्यवसाय खुशाल करावा. ज्याला ते लपवावेसे वाटते त्याचा व्यवसाय पालक म्हणतात तोच.

मार्ग कोणता, असे मुले विचारतील. पदवी कोणतीही चालते. कायदा, अर्थशास्त्र किंवा राज्यशास्त्र असेल तर बरे. पत्रकारितेचे आणि जनसंवादाचे शिक्षण कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात, धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये मिळते. दिल्लीची भारतीय जनसंचार संस्था १९६५ पासूनची, तिच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचाही अभ्यासक्रम आहे. पण प्रमाणपत्रापेक्षा सवय मोठी. रोज एक मराठी, एक कन्नड आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र वाचून एकच बातमी तिघांनी कशी दिली ते दहा ओळींत लिहून काढावे. वर्षभर हे केले तर मुलाखतीत दुसरे काही दाखवावे लागणार नाही.

यात दोन अडचणी आहेत आणि दोन्ही आपल्याच घरातल्या. पहिली, कन्नड. कित्येक घरांतून अजून असे बोलले जाते की कन्नड नीट लिहायला शिकणे म्हणजे लढ्यातून अंग काढणे. आम्हाला हे मुळीच मान्य नाही. सक्तीला विरोध करणे वेगळे आणि भाषा न येणे वेगळे. २०२४ च्या दुरुस्तीने कर्नाटकात फलकांवर ६० टक्के कन्नड बंधनकारक झाले. त्या कायद्याशी भांडायचे तरी तो मूळ कन्नडमध्ये वाचता आला पाहिजे. दुसरी अडचण, मराठी. इंग्रजी माध्यमातून शिकलेल्या आपल्या मुलांना मराठी बोलता येते, लिहिता येत नाही. एक पानभर मजकूर न अडखळता लिहिणारी मुले दरवर्षी कमी होत आहेत आणि मराठी शाळांचे पट कमी होत आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, आपण पेढे वाटले, चांगले केले. पण बोलीपुरती उरलेली मराठी घेऊन कोणी मुंबईच्या पेढीत गेला तर त्याला पाच वाजताचे टेबलसुद्धा मिळणार नाही.

सगळ्यांनीच मुंबई-बंगळूर गाठावे असेही आमचे म्हणणे नाही. गावालाही असा एक माणूस हवा आहे, आणि तो पगारी असावा. पतसंस्था, दूध संस्था, देवस्थान समित्या, युवक मंडळे यांनी मिळून चार-पाच गावांत मिळून एकाला किंवा एकीला मानधन द्यायला काय हरकत आहे? आपण कुस्तीच्या फडाला वर्गणी काढतो, हरिनाम सप्ताहाला काढतो, नाटकाला काढतो. त्यातलाच एक हिस्सा. काम सोपे वाटेल, पण तेच कोणी करीत नाही. एक जाड वही घालायची. गावाच्या नावे किंवा गावातल्या कोणाच्याही जमिनीसंबंधी नोटीस आली, पंचायतीच्या फलकावर लागली किंवा वर्तमानपत्रात छापून आली, की त्याच दिवशी तीत लिहायचे: नोटिशीची तारीख, खाते, मराठीत तिचा अर्थ, हरकतीची शेवटची तारीख. पुढच्या रकान्यात आपण काय लिहून दिले आणि त्याचा आवक क्रमांक. त्याच्या पुढच्या रकान्यात उत्तर आले की नाही. महिन्याकाठी ती वही देवळात किंवा शाळेच्या व्हरांड्यात सर्वांपुढे मोठ्याने वाचायची. ज्या गावांत बारावी झालेली आणि दोन्ही भाषा लिहिणारी मुलगी लग्न ठरेपर्यंत घरी बसून आहे, तिथे ही वही येत्या ग्रामसभेपासून सुरू करता येईल.